जडभरताची पालखी

भागवताच्या पांचव्या स्कंधांतील जडभरताची कथा आमच्या वाचकांस नवी नाहीं. पुराणिक ती वैराग्याचा महिमा सांगण्यासाठीं सांगतात, आणि कथेचा मुख्य हेतु तोच आहे यांत शंका नाहीं. परंतु मुख्य हेतूच्या कडेला पडून राहिलेल्या गोष्टीहि जुन्या कथेंत कालांतरानें बोलूं लागतात. हा ब्राह्मणपुत्र लोकांत मिसळत नाहीं, विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर भलतेंच देतो, अंगावरील मळक्या वस्त्राची त्यास पर्वा नाहीं. भाऊ त्यास शेतांत राबवितात. उंचवटा कोठें, खळगा कोठें, सपाट कशास म्हणावें, हें त्यास कोणी दाखवून देत नाहीं, आणि मोबदला म्हणून कण्या, पेंड, कोंडा व भांड्याच्या बुडास लागलेली खरवड त्याच्यापुढें टाकण्यांत येते. पुढें सिंधुसौवीर देशाच्या रहूगण राजाच्या पालखीस एक भोई कमी पडतो. वाटेंत दिसलेला हा धट्टाकट्टा तरुण धरून आणून पालखीचा दांडा त्याच्या खांद्यावर देतात. पायाखालीं जीव चिरडूं नये म्हणून तो बाणभर पुढची जमीन न्याहाळीत पाऊल टाकतो, इतरांच्या पावलांशीं त्याचें पाऊल जुळत नाहीं, पालखी हिंदकळते, राजा प्रथम उपहास करितो आणि मग दंडाची भीति घालतो.

येथवरच्या कथेंत काम आहे, वेतन आहे, वरिष्ठ आहे, आणि कामांतील दोषाबद्दल दटावणीहि आहे. नाहीं तो एकच प्रश्न: हें पाऊल असें कां पडतें? राजानें तो विचारला असता, तर दांड्याच्या मागल्या टोकास याची जागा बदलून किंवा इतर भोयांस चाल थोडी सावकाश ठेवण्यास सांगून पालखी बहुधा सरळ चालली असती. तसें न होतां भरत बोलूं लागतो, तें बोलणें ब्रह्मज्ञान ठरतें, आणि राजा पालखींतून उतरून त्याच्या पायां पडतो. क्षणापूर्वींचा कामचुकार क्षणानंतर परमहंस झाला. या दोन पदव्यांच्या मध्यें एक साधी जागा होती, चांगल्या भोयाची. ती कथेंत रिकामी राहिली.

जडभरतास आजच्या वैद्यकांतील कोणतें नांव द्यावें याचा निर्णय करण्याचा आमचा मानस नाहीं. पुराणपात्रांची नाडी पाहणें हा टीकेचा धर्म नव्हे. आम्हांस पाहावयाचें आहे तें इतकेंच कीं, ज्याचें पाऊल चारचौघांशीं जुळत नाहीं अशा माणसास आमचें वाङ्मय कोणतें काम देतें. आज ज्यांस स्वमग्न म्हणतात त्यांच्या शिक्षणाचा व रोजगाराचा प्रश्न कायद्यांत आला, सभांत आला, कारखान्यांच्या दारापर्यंतहि आला आहे. परंतु हा माणूस कामावर उभा असलेला कसा दिसतो, याचें चित्र वाचकांच्या मनांत नाहीं. जें चित्र मनांत नाहीं तें कारखानदाराच्या मनांत कोठून येणार? म्हणून हा विषय अर्थशास्त्राचा असला तरी त्याची एक बाजू टीकाकाराच्या वांट्यास येते, असें आम्हांस वाटतें.

मराठीच्या अगदीं आरंभीं म्हाइंभटानें लिहिलेलें गोविंदप्रभूंचें चरित्र आहे. ऋद्धिपुरांतील हा पुरुष कोणाच्याहि घरांत शिरतो, बाजारांतील जिन्नस उचलतो, हंसतो, रागावतो, आपल्याशींच खेळतो. आणि सारें गांव त्यास वेडा म्हणतें व त्याच श्वासांत देव म्हणतें. ग्रंथाचा गोडवा असा कीं, गांवानें आपली चाल त्याच्याभोंवतीं वळवून घेतली आहे. महानुभावांस तो ईश्वरावतार आहे. त्या श्रद्धेस आम्ही हात लावीत नाहीं. परंतु एवढें सहज दिसतें कीं, गांवाचें हें औदार्य देवत्वाच्या आधारावर उभें आहे. देव न मानतां निव्वळ शेजारी म्हणून कोणी आपली चाल बदलली असती काय, या प्रश्नाचें उत्तर त्या ग्रंथांत नाहीं, आणि पुढील सात शतकांच्या वाङ्मयांतहि तें फारसें सांपडत नाहीं.

आतां शब्दाकडे वळूं. १९११ च्या सुमारास ब्लॉयलर या स्विस मानसवैद्यानें 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून 'ऑटिझम' हें नांव निराळ्याच रोगाच्या एका लक्षणास दिलें. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हांपासून तो शब्द या मुलांस चिकटला. मराठींत त्याचें 'स्वमग्नता' झालें. भाषांतर मुळाशीं इमान राखणारें आहे, आणि दोष नेमका तेथेंच आहे. ध्यानमग्न, विचारमग्न, आनंदमग्न या शब्दांतील 'मग्न' हा आपखुशीनें बुडालेला असतो. त्यास हांक मारली तर तो वर येईल, नाहीं आला तर तो त्याचा हट्ट, असा भाव मराठी कानास सहज होतो. त्यांत 'स्व' मिळाला कीं आपमतलबाचीहि छटा येते. प्रत्यक्षांत पुष्कळांची अडचण नेमकी उलट असते. बाहेरचें जग त्यांच्यांत फार शिरतें. पंख्याची घरघर, ट्यूबलाइटचें लुकलुकणें, शेजाऱ्याच्या डब्याचा वास, खांद्यावर अचानक पडलेला हात, हें सर्व एकाच वेळीं आणि सारख्याच जोरानें येऊन आदळतें. अशा माणसानें कान झांकले तर आपण म्हणतों, तो स्वतःंत बुडाला. तो तर बाहेरच्या पुरांतून डोकें वर काढूं पाहत असतो. शब्द आतां रूढ झाला आहे, तो बदलावा असा आमचा आग्रह नाहीं. मात्र नोकरीच्या अर्जावर हा शब्द वाचून ज्या अधिकाऱ्याच्या मनांत 'याचें कामांत लक्ष लागणार नाहीं' असें येतें, त्यानें तें अनुमान माणसावरून काढलेलें नसून समासावरून काढलेलें आहे, हें त्यास कोणी तरी सांगावयास हवें.

गेल्या तीसपस्तीस वर्षांत चित्रपटानें या विषयास जितका हात घातला तितका कादंबरीनें घातला नाहीं, म्हणून त्याचा विचार करणें प्राप्त आहे. १९९१ च्या 'चौकट राजा'तील नंदू स्वमग्न नव्हे. बालपणींच्या अपघातानें त्याच्या बुद्धीची वाढ खुंटली आहे. दिलीप प्रभावळकर यांनीं ती भूमिका इतक्या जिवंतपणें केली कीं, मराठी घरांत अशा मुलाबद्दल बोलण्याचा संकोच तिनें पुष्कळ कमी केला, आणि हें ऋण मोठें आहे. २०१४ च्या 'यलो'मध्यें डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीची कथा त्याच मुलीनें पडद्यावर जगून दाखविली. परंतु तेथें शेवट पोहण्याच्या पदकानें होतो. २००७ च्या 'तारे जमीन पर'मध्यें अक्षरें न जुळणारा मुलगा चित्रकलेच्या स्पर्धेंत पहिला येतो. १९८८ च्या 'रेन मॅन'मधील रेमंड जुगाराच्या पत्त्यांची मोजदाद करून भावास पैसे मिळवून देतो आणि कथा संपतांना संस्थेंत परत जातो. २०१२ च्या 'बर्फी'तील झिलमिल प्रेमास पात्र ठरते, पण तिनें दिवसभर काय करावें हा प्रश्न चित्रपटास पडत नाहीं. या सर्वांत २०१० च्या 'माय नेम इज खान'ला एक मान दिला पाहिजे: त्यांतील रिझवान भावाच्या कारखान्यांतील सौंदर्यप्रसाधनें दारोदार विकतो, बिघडलेलीं यंत्रें दुरुस्त करितो, आणि तीं कामें तो चांगलीं करितो. परंतु तेथेंहि कथा मोठी व्हावयाची वेळ येतांच पेटी खालीं पडते आणि नायक राष्ट्राध्यक्षांस भेटावयास निघतो.

या चित्रपटांवर आम्ही दोष काढतों तो असा. प्रत्येक ठिकाणीं समाजाच्या मान्यतेची किंमत म्हणून कांहीं तरी अद्भुत द्यावें लागलें आहे: पदक, बक्षीस, अचाट स्मरण, निष्पाप प्रेम. जडभरतानें ब्रह्मज्ञान दिलें, यांनीं विक्रम दिला, हिशेब तोच. ज्याच्याजवळ यांपैकीं कांहींच नाहीं, जो फक्त रोज आठ वाजतां येईल, दिलेलें काम नीट करील, आणि महिन्याच्या शेवटीं पगार घेऊन घरीं जाईल, त्याच्यासाठीं या कलेजवळ एकहि दृश्य नाहीं. आणि असे तेच बहुसंख्य आहेत.

असें दृश्य कोठें आहे असें कोणी विचारील, तर आम्ही त्यास कॅनर यांच्याच कागदांकडे नेऊं. त्यांच्या १९४३ च्या निबंधांतील पहिला मुलगा 'डोनाल्ड टी.' म्हणजे मिसिसिपी राज्यांतील फॉरेस्ट या लहान गांवचा डोनाल्ड ट्रिपलेट. १९४२ च्या सुमारास आईबापांनीं त्यास गांवापासून थोड्या अंतरावर राहणाऱ्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलें. कॅनर १९४५ सालीं तेथें गेले आणि जें दिसलें तें त्यांनीं १९७१ सालीं, त्या अकरा जणांचें पुढें काय झालें हें सांगतांना, लिहून ठेवलें. मुलास मापण्याचें वेड होतें. त्या जोडप्यानें त्यास विहीर खणावयास लावून ती किती खोल गेली हें सांगावयाचें काम दिलें. तो मेलेले पक्षी व किडे गोळा करी. त्यांनीं त्यास अंगणाचा एक कोंपरा स्मशानासाठीं देऊन प्रत्येकाच्या नांवाची पाटी लावावयास सांगितली. मक्याच्या ओळी तो पुनःपुन्हां मोजीत बसे. त्यांनीं सांगितलें, मोज, पण नांगरतांना मोज. कॅनर यांच्या डोळ्यांदेखत त्यानें सहा लांब ओळी नांगरल्या. पुढें हा मुलगा पदवीधर झाला, आणि गांवांतील बँकेंत त्यानें पांसष्ट वर्षें काम केलें. २०२३ सालीं वयाच्या ८९ व्या वर्षीं तो वारला.

त्या शेतकऱ्यांनीं मानसशास्त्राचें एक पानहि वाचलें नसावें. पण त्यांची रीत पाहावी. मुलाची खोड मोडावयाची असें त्यांनीं ठरविलें नाहीं. खोड कोणत्या कामांत बसेल तें त्यांनीं शोधिलें. रहूगणानें जो प्रश्न विचारला नाहीं तो या दोघांनीं विचारला. आमच्या मतें कामाच्या शिक्षणाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें त्यांत हा अर्ध्या पानाचा मजकूर अग्रगण्य आहे, आणि वाङ्मय म्हणूनहि तो वर सांगितलेल्या चित्रपटांहून सरस आहे. कारण त्यांत चमत्कार नाहीं, कारण आणि कार्य आहे.

अर्थात् या गोष्टीची दुसरी बाजू लपवून चालणार नाहीं. ट्रिपलेट कुटुंब संपन्न होतें आणि ती बँकहि त्याच घरच्या लोकांच्या मालकीची होती. त्या अकरांपैकीं आणखी एकास सरकारी कचेरींत नकला काढण्याच्या यंत्रावर काम मिळालें. परंतु ज्यांस लहानपणींच मोठ्या सरकारी इस्पितळांत ठेवण्यांत आलें त्यांची असलेली शक्तिहि तेथें विझून गेली, असें कॅनर यांनींच खेदानें नमूद केलें आहे. म्हणजे एकाच निबंधांतील मुलांचीं भाग्यें निरनिराळीं झालीं, तीं केवळ आजाराच्या कमीअधिक तीव्रतेमुळें नव्हेत. कोण कोणाच्या दारीं गेला, यावरहि पुष्कळ ठरलें.

आमच्या देशांत दार उघडण्याचें काम कायद्यानें हातीं घेतलें आहे. तेव्हां कायद्याचेंहि एक पुस्तक म्हणून परीक्षण केलें पाहिजे. १९९५ च्या अपंगांविषयींच्या कायद्यांत सात प्रकारांचीं नांवें होतीं. स्वमग्नतेचें नांव त्यांत नव्हतें. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या शीर्षकांतच तें आलें, पण त्याचा मुख्य भर पालकत्व व सांभाळ यांवर होता. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आला. त्यांत एकवीस प्रकार आहेत आणि स्वमग्न माणूस प्रथमच नोकरीचा उमेदवार म्हणून उभा राहतो. सरकारी आस्थापनांत चार टक्के जागा राखल्या आहेत. त्यांतील एकेक टक्का दृष्टीच्या, श्रवणाच्या व हातापायांच्या अपंगत्वास स्वतंत्रपणें मिळाला. चवथा टक्का स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, लिहिण्यावाचण्याची विशिष्ट अडचण असलेले, मानसिक आजाराचे आणि एकाहून अधिक अपंगत्वें असलेले, या सर्वांच्या वांट्यास मिळून आला. एका पानावर पांच जेवणारे बसविल्यावर कोणाच्या हातीं घास अगोदर लागेल हें सांगावयास नको. ज्यास मुलाखतींत स्वतःची बाजू मांडतां येते त्याच्या. खाजगी कारखान्यांस मात्र सक्ति नाहीं. निदान पांच टक्के दिव्यांग कामगार ठेवणाऱ्यांस सरकारनें आपल्या ऐपतीप्रमाणें उत्तेजन द्यावें, इतकेंच कायदा म्हणतो.

या कायद्यांतील स्वमग्नतेच्या व्याख्येविषयीं आमची तक्रार वेगळी आहे. संवाद, नातेसंबंध आणि चमत्कारिक किंवा ठराविक वागणें, एवढ्यावर ती थांबते. इंद्रियांच्या कमीअधिक तीव्रतेचा तींत उल्लेख नाहीं. अमेरिकन मानसवैद्यांच्या संघानें तो आपल्या ग्रंथांत २०१३ सालींच घातला होता. वरवर हा फरक पंडितांचा वाटेल. परंतु कारखान्यांत काय बदलावें हें ज्यास ठरवावयाचें आहे, त्याच्या दृष्टीनें आवाज, उजेड, वास हेच पहिले मुद्दे होत. ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें योग्य ती सोय करून देणें हा या कायद्याचा गाभा आहे, आणि अशी सोय नाकारणें म्हणजे भेदभाव करणें होय असें सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०२१ मध्यें एका परीक्षार्थीच्या लेखनिकाच्या प्रकरणांत स्पष्ट केलें. न्यायालयानें सोयीचा अर्थ सांगितला. व्याख्येनें ती सोय कोठें लागते हें मात्र सांगितलें नाहीं.

आतां हें सर्व घेऊन आपण कुंभवलीस जाऊं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यांतून निराळा झाला. त्यांतील बोईसर स्टेशनाजवळ तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली आहे, आणि कुंभवली हें गांव त्या वसाहतीच्या अंगास लागूनच आहे. औषधें, रसायनें, कापड, पोलाद, अशा शेंकडों कारखान्यांचा हा मुलूख. पलीकडे १९६९ पासून चालू असलेलें अणुवीजकेंद्र, आणि किनाऱ्याकडील गांवांतून दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकिंगचे कारागीर. येथील एखाद्या घरांत अठरा वर्षांचा स्वमग्न मुलगा असेल, तर त्याच्या आईच्या कानावर दिवसाचे तीन भोंगे पडत असतील; त्यांतील एकहि आपल्या मुलासाठीं आहे असें तिच्या मनांतसुद्धां येत नसेल. तें यावें काय, हा आमचा प्रश्न आहे.

औषधाच्या कारखान्यांतील पॅकिंग खात्याचा विचार करावा. गोळ्यांच्या पट्ट्या मोजून खोक्यांत भरणें, बॅच नंबर व मुदतीची तारीख खोक्यावरील व पट्टीवरील सारखी आहे कीं नाहीं हें पाहणें, वजनांत कमी भरणारें खोकें बाजूस काढणें, अशीं हीं कामें. एक बॅच संपून दुसरी सुरू होण्यापूर्वीं 'लाईन क्लिअरन्स' करावा लागतो. म्हणजे मागील बॅचचें एकहि लेबल, एकहि गोळी यंत्रावर, यंत्राखालीं किंवा टेबलावर राहिलेली नाहीं याची खात्री करून कागदावर सही करावयाची. जें काम सामान्य माणूस शंभराव्या वेळीं कंटाळून वरवर उरकतो, तें शंभराव्या वेळींहि पहिल्यासारखेंच करणारा मनुष्य येथें सोन्याच्या मोलाचा होय. आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. औषधांच्या कारखान्यांत प्रत्येक कामाची पायरीवार लेखी पद्धति असावीच लागते. तिला सारे 'एसओपी' म्हणतात. एकावेळीं एक पायरी, पायरी संपली कीं खूण, मग पुढची. स्वमग्न मुलांस शिकविण्याची जी रीत नॉर्थ कॅरोलायनांत १९७२ पासून विकसित होत गेली तिचें सारहि हेंच: दिवस डोळ्यांस दिसेल असा मांडावा, काम तुकड्यांत तोडावें, आरंभ कोठें व शेवट कोठें हें शब्दांवांचून कळावें. शाळेंत जी शिस्त मुद्दाम उभी करावी लागते ती या कारखान्यांत औषधाच्या शुद्धतेसाठीं आधींच उभी आहे. फक्त ती इंग्रजी परिच्छेदांतून काढून चित्रांत व सोप्या मराठींत मांडली पाहिजे. आणि तसें केल्यास शेजारच्या पाड्यांतून आलेल्या नव्या कामगारांचेंहि भलें होईल.

परंतु त्याच वसाहतींत अडचणीहि तितक्याच खऱ्या आहेत. पहिली मुलाखत. डोळ्यांस डोळा भिडवून, स्वतःविषयीं चार गोड वाक्यें बोलून दाखविणें, हें पट्ट्या मोजण्यास कोठेंच लागत नाहीं; पण दाराशीं परीक्षा त्याचीच होते. तिच्याऐवजीं चार दिवस काम करून दाखविण्याची संधि दिली तर उमेदवार व मालक दोघांसहि खरें कळेल. दुसरी अडचण ठेकेदारीची. आज या खात्यांत, उद्यां त्या खात्यांत, परवां रात्रपाळी, ही चाल कोणासच सुखाची नाहीं; ज्याचा जीव ठरलेल्या क्रमांत असतो त्यास तर ती बुडवितेच. तिसरी धोक्याची. जेथें उग्र वायु, दाबाचीं भांडीं व आगीचें भय आहे, तेथें केवळ सद्भावनेनें कोणासहि उभें करूं नये. मुखवटा व चष्मा ज्यास क्षणभर सहन होत नाहीं त्याची जागा त्या खात्यांत नव्हे. धोक्याचा भोंगा वाजला असतां कोणत्या दारानें कोठें जावयाचें, हें त्यास पुनःपुन्हां चालवून शिकविलें पाहिजे. एकदां तोंडीं सांगून भागत नाहीं. जो मालक हें नीट करील त्याचे इतर कामगारहि अधिक सुरक्षित राहतील, यांत आम्हांस संशय नाहीं.

शिक्षणाच्या प्रचलित रीतीविषयींहि बोलणें भाग आहे. मुंबईस १९४४ सालीं जय वकील या बाईंनीं आपल्या मुलीच्या निमित्तानें अशा मुलांची शाळा काढली, आणि तेव्हांपासून महाराष्ट्रांत पालकांच्या व शिक्षकांच्या कष्टानें अनेक उद्योगशाळा उभ्या राहिल्या. त्यांनीं मुलांस घराबाहेरची जागा, सोबत व हातास वळण दिलें. हें श्रेय मोठें आहे. परंतु दिवाळीच्या पणत्या, मेणबत्त्या, कागदी पिशव्या यांच्यापलीकडे दृष्टि न जाणें हा एक सांचा बनला आहे. गिऱ्हाईक त्या वस्तु वर्षांतून एकदां, पुण्य म्हणून घेतो. बारा महिने, गरज म्हणून घेत नाहीं. शिवाय अशी समजूत रूढ झाली कीं, मुलगा शाळेंत पुरता तयार होईल आणि मग नोकरीस जाईल. स्वमग्न माणसाचें शिकलेलें एका जागेवरून दुसऱ्या जागेवर आपोआप जात नाहीं; शाळेंतील टेबलावर येणारें काम कारखान्याच्या टेबलावर त्यास नवेंच वाटतें. म्हणून अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत क्रम उलटा करण्यांत आला: आधीं खरी जागा, खरा पगार, आणि मग त्याच जागेवर, शेजारीं उभ्या राहिलेल्या शिक्षकाकडून शिक्षण. शिक्षक हळूहळू मागें सरतो आणि त्याची जागा खात्यांतीलच एखादा सहकारी घेतो.

याचें जवळचें उदाहरण बोईसरहून जाणाऱ्या त्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर आहे. जुहू येथें यश चॅरिटेबल ट्रस्टनें २०१८ सालीं 'अर्पण' नांवाचें उपाहारगृह उघडलें, डॉ. सुषमा नगरकर या त्याच्या प्रवर्तकांपैकीं एक. आधीं डबे पुरविण्यापासून सुरुवात झाली, मग उपाहारगृह. स्वयंपाकघरांत व गिऱ्हाइकांपुढें काम करणारे लोक स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम वगैरे असलेले, आणि तें काम पगाराचें. या प्रयोगाचा विशेष आम्हांस असा वाटतो कीं, येथें पदार्थ चांगला नसेल तर गिऱ्हाईक पुन्हां येणार नाहीं. दयेचें गिऱ्हाईक एकदांच येतें. उलट मोठ्या संगणक कंपन्यांचा गाजावाजा पाहावा. सॅप या जर्मन कंपनीनें २०१३ सालीं, बंगळूरच्या शाखेंतील अनुभवानंतर, २०२० पर्यंत आपल्या नोकरवर्गांत एक टक्का स्वमग्न माणसें घेण्याचा संकल्प जाहीर केला. उपक्रम चांगला होता, मिळालेल्या नोकऱ्या खऱ्या होत्या. परंतु आंकडा त्या उद्दिष्टाच्या जवळपासहि पोंचला नाहीं. अमुक माणसें संगणकावरील चुका शोधण्यांत जात्याच निपुण, ही समजूतहि शेवटीं 'रेन मॅन'चीच धाकटी बहीण आहे. कोणास आंकडे आवडतात, कोणास माती; कोणास तेंच काम रोज हवें असतें, कोणी त्याला विटतो. शेतकरी जोडप्यानें एका मुलास पाहून काम ठरविलें. आम्ही एक शब्द पाहून ठरवितों.

एक आक्षेप टाळतां येण्यासारखा नाहीं. कुंभवलीच्या कारखान्यांच्या फाटकांवर भूमिपुत्र आदिवासी तरुण कामासाठीं उभे असतात. जेथें चांगल्या हातापायांच्या माणसास कायम नोकरी मिळत नाहीं, तेथें हा नवा उमेदवार कशास? आक्षेप पोटाचा आहे म्हणून त्याचा मान राखला पाहिजे. परंतु स्वमग्न मूल हें कांहीं शहरांतील सुखवस्तु घरांचेंच भाग्य नव्हे. तें पाड्यावरहि जन्मतें. फरक इतकाच कीं तेथें त्यास नांव मिळत नाहीं, दाखला मिळत नाहीं, आणि त्याला सांभाळण्यासाठीं घरांतील एक कमावतें माणूस घरीं बसतें. म्हणून एका स्वमग्न तरुणास काम मिळणें म्हणजे पुष्कळदां दोन माणसें मोकळीं होणें होय. दुसरी गोष्ट अशी कीं, काम हाच माणसाच्या किंमतीचा पुरावा असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. कांहीं जण बोलूं शकत नाहींत, कांहींस जन्मभर सोबत लागते, कांहींस कोणतेंहि वेतनी काम झेपणार नाहीं. त्यांचा सांभाळ हा समाजाचा कर्तव्यभाग आहे, बक्षीस नव्हे. मात्र ज्यास झेपेल त्यास, पूर्ण वेतनावर, नाकारण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

म्हणून आमच्या लेखकांस आमची विनंति आहे. तारापूरच्या वसाहतीवर कथा लिहितांना पॅकिंगच्या टेबलाशीं असा एक मनुष्य उभा करावा. त्यास पदक देऊं नये, त्याच्या तोंडीं उपनिषद् घालूं नये, त्यास शेवटच्या प्रकरणांत मारूंहि नये. त्याचा शेजारी त्याच्यावर कधीं चिडावा, कधीं त्याच्यामुळें वाचावा. कानांवर पट्टा लावून तो काम करितो यांत पंधरवड्यानंतर कोणास नवल वाटूं नये. अशी चार पानें चांगलीं वठलीं, तर कायद्याच्या एका टक्क्याहून तीं अधिक काम करतील. कारण मालकास, ठेकेदारास आणि त्या मुलाच्या आईसहि जें आज दिसत नाहीं तें त्यांत दिसेल. रहूगण राजा विनयशील होता, चूक कळतांच तो पालखींतून उतरला, आणि त्याबद्दल भागवतकारांनीं त्याचा गौरव केला आहे. आम्हांस इतकेंच सुचवावयाचें आहे कीं, त्या भोयाच्या पायां पडण्यापूर्वीं त्याच्या पायांकडे एकदां पाहिलें असतें, तर पालखीहि चालली असती.